वेल्ह्याच्या वाटेवर न विझणारा लाल दिवा

सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी चढवलं होतं आणि मी गोठ्यातलं शेण पाटीत भरत होते, तेव्हा आत्याबाई मोटारीपाशी दिसल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मोटारीचं बॉनेट वर केलेलं, पदराचं टोक दातात धरलेलं आणि त्यांनी आत डोकं घातलेलं. ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हेही रोज सकाळी असेच बॉनेट उघडून, आत वाकून, फडक्याने काहीबाही पुसत असायचे. मला वाटलं, म्हातारीला मुलाची आठवण आली. मी बघतेय हे कळलं तर ती ओशाळेल, म्हणून पाटी उचलून मी परसात निघून गेले. भांडी घासली, लेकीची वेणी घातली, भाकऱ्या थापल्या. बाहेर बॉनेट धाडकन पडल्याचा आवाज आला तेव्हाही मी मुद्दाम वळून पाहिलं नाही.

ती सकाळ मला परवा पुन्हा आठवली. माझी लेक गाडी चालवत होती, मी शेजारी बसले होते आणि आम्ही भोरहून वेल्ह्याला निघालो होतो. तिच्या गाडीत समोर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा जळत होता. दोनदा वर्कशॉपला नेऊन आणली, काहीतरी बदललं म्हणे, तरी दिवा तसाच. "आई, हा जातच नाही बघ," ती म्हणाली. मी म्हटलं, "आमचा लाल होता." मग वेल्हे येईपर्यंत मी सांगत राहिले आणि ती ऐकत राहिली. ती प्रवासाचा ब्लॉग लिहिते, त्यात गडकोट, घाट, जेवणाच्या जागा असं सगळं असतं. ती म्हणाली, हे तूच लिही, वाटेची माहितीही घाल, लोकांना लागते. म्हणून लिहितेय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं वाचन मी माझं मी केलं, आधी पुड्या बांधून आलेले कागद आणि मग भोरच्या वाचनालयातली पुस्तकं. तेव्हा सांभाळून घ्या.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. ह्यांनी एक जुनी काळी मोटार घेऊन भाड्याने चालवायला काढली होती. लग्नाची वऱ्हाडं, पुण्याला न्यायचे आजारी, कोर्टाच्या तारखेला जाणारी माणसं. भोरात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या, त्यामुळे धंदा चालला. मग ह्यांना कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं संपलं. मोटार दारात उभी राहिली. विकायचा सल्ला सगळ्यांनी दिला. मी विकली नाही, कारण घरात दुसरी मिळकत नव्हती आणि ह्यांनी हाताशी धरून तयार केलेला किसन होता.

किसन आमच्याच भोरचा, बौद्ध वस्तीतला. आधी मोटार धुवायला यायचा. ह्यांनी त्याला चालवायला शिकवलं, लायसन काढून दिलं. ह्यांच्यामागे मोटार त्याने सांभाळली. जास्त बोलायचा नाही. संध्याकाळी भाडं आणि किल्ली आणून ओट्याच्या कट्ट्यावर ठेवायचा, सकाळी तिथूनच उचलायचा. हातात कधी दिली नाही, मीही कधी हात पुढे केला नाही. हे असंच असतं असं तेव्हा वाटायचं. नव्हे, काही वाटायचंच नाही.

आता त्या दिव्याचं. मोटारीत समोर एक लाल दिवा होता, तेलाचा. किल्ली फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झालं, तेलाचा दाब आला की विझायचा. चालू मोटारीत तो लागलाच तर समजायचं की इंजिनाला तेल पोचत नाही. तसंच पुढे गेलात तर इंजिन धरणार, म्हणजे आतून जाम होणार, आणि इंजिन धरलं म्हणजे आमच्यासारख्याचा संसार धरला. त्या वर्षी दसऱ्यानंतर चार-आठ दिवसांत हा दिवा लागला तो विझेचना. किसनने मोटार बाजारपेठेमागच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने बल्ब बघितला, तेल बदललं. दिवा तसाच. इंजिनाच्या अंगाला बसवलेलं तेलाच्या दाबाचं बटण नवं घातलं. तसाच. मग तेलाचा पंप खोलला, पुसून पुन्हा बसवला. दिवा हसतच होता. शेवटी मिस्त्री कंटाळून मला म्हणाला, "वैनी, माझ्या हातात न्हाई आता. डायवर बदला. ह्यो इंजिन मारतोय. तेल इकत असल, कुनी बघितलंय?"

मला ते खरं वाटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. नेमकं त्याच दिवसांत आत्याबाईंच्या भावाचा, वेल्ह्याच्या मामांचा निरोप आला की त्यांच्या नात्यातला दगडू ट्रक चालवून परत आलाय आणि घरचाच माणूस आहे. मी ठरवलं, वेल्ह्याला जायचं, दगडूला बघायचं, आणि तसा निरोप मामांना धाडला. जायचं कसं? एसटीने जाता आलं असतं. पण दगडूने मोटार बघायला हवी होती. म्हणजे मोटार न्यायची. आणि मोटार चालवणार कोण, तर किसन. ज्याची जागा दुसऱ्याला द्यायची, त्यालाच घेऊन मी ती द्यायला निघाले. त्याला सांगितलं, "आत्याबाईंना माहेरी जायचंय." तो "बरं" म्हणाला आणि मोटार पुसायला लागला.

शुक्रवार होता. दिवाळी होऊन गेलेली, सकाळी थंडी. आत्याबाई मागे, मी पुढे. पुढे बसण्यावरूनही भोरात बोललं जायचं, नवऱ्यामागे बाई पुढच्या सीटवर पुस्तक घेऊन बसते म्हणून. मी मान ताठ ठेवून बसायचे. त्या दिवशी मात्र मला सगळ्या पेठेला कळलंय असं वाटत होतं, की ही बाई कुठे आणि कशाला चाललीय.

वाट आजही तीच आहे. भोरहून कापूरहोळला हमरस्त्याला लागायचं. उजवीकडे गेलात तर किकवी आणि पुढे सातारा. आपण डावीकडे, पुण्याच्या अंगाला वळायचं आणि थोडं पुढे गेलं की नसरापूरचा फाटा. आता तिथे पूल, दुकानं आणि गर्दी आहे, तेव्हा वडाची झाडं होती. नसरापुरातून पश्चिमेला जो रस्ता जातो तो वेल्ह्याचा. आज मोटारीने भोरहून दीड तासात आरामात पोचाल. आम्हाला अर्धा दिवस लागला.

कारण दिवा. किसन दर थोड्या अंतरावर मोटार थांबवायचा, बॉनेट उघडायचा, तेलाची पट्टी ओढून पुसायचा, पुन्हा घालून पुन्हा काढायचा आणि उन्हात धरून बघायचा. कापूरहोळला पहिल्यांदा थांबलो.

"काय?" मी आतूनच विचारलं.

"तेल हाय, वैनी. बरोब्बर खुनंपत्तुर."

"मग दिवा का जळतोय?"

"त्येचं त्येलाच ठावं."

मागून आत्याबाई म्हणाल्या, "जळू दे की. उजेड पडतोय तर तुमचं काय जातंय?"

किसन हसला. मला हसू आलं नाही. मी मनात म्हणत होते, तेल तर आहे, म्हणजे हा विकत नाही. मग वाटलं, आज मी शेजारी बसलेय म्हणून असेल. माणसाच्या मनात एकदा किंतु शिरला की तो असाच दोन्ही बाजूंनी चालतो.

नसरापूरला चहासाठी थांबलो. बनेश्वरचं देऊळ तिथून जवळ आहे, झाडी छान आहे, वेळ असेल तर सकाळी जा, दुपारी सहलींची गर्दी असते. हॉटेल म्हणजे तेव्हा बाकडी आणि भट्टी. भजी मात्र फार चांगली होती, कांद्याची, कुरकुरीत. मालकाने मोटारीत वाकून बघितलं आणि आतल्या दिव्याकडे बोट केलं.

"बाई, मोटारीचं डोळं आल्यात जनू!"

"काजळ घाला म्हनावं," बाकड्यावरचा एकजण म्हणाला.

"काजळानं जात न्हाई, मिस्त्र्याचा हात लागाय पायजे."

"तीन येळा लागलाय," किसन म्हणाला. सगळे हसले. तो बाहेरच उभा होता. सीटखालून त्याने आपला पितळी पेला काढला, मालकाने वरून त्यात चहा ओतला. पेला त्याचा तो कायम सीटखाली असायचा. आमचे हे त्याला नीटनेटका म्हणायचे आणि मीही तेच समजत आले होते. हे लिहिताना माझा हात थांबला होता. पण लिहायचं ठरवलंय, तर लिहिते.

नसरापूर सोडलं की रस्ता म्हणजे नुसती खडी आणि धूळ. ओढ्यांवर पूल नव्हते, पाण्यात उतरून पलीकडे चढायचं. पण दोन्ही बाजूंना जे दिसायचं त्याने डोळे निवायचे. भातं कापून झालेली, शेतात भारे, कुठे खळ्यावर झोडपणी चाललेली. आंबेमोहराच्या पेंढ्याचा वास मोटारीत भरून राहिला. डावीकडे राजगड, तो वळणावळणाला पुढे-मागे होतो आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. समोर तोरणा. तुम्ही जाल तेव्हा नोव्हेंबरात जा. पावसाळ्यातलं हिरवेपण सगळेच बघतात, पण कापणीनंतरच्या मावळाला जो एक थकलेला, सोनेरी शांतपणा असतो तो वेगळाच. परवा गेलो तेव्हा गुंजवण्याच्या बाजूला धरणाचं पाणी दिसलं. त्या पाण्याखाली मी पाहिलेली खळी असतील. लेकीने फोटो काढला. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

मार्गासनीच्या अलीकडे इंजिन तापलं म्हणून किसनने मोटार आंब्याखाली लावली. नदीवरून डबा भरून आणला. आत्याबाई मागच्या सीटवर पेंगत होत्या. मी उतरून पाय मोकळे करत होते. तो बॉनेट उघडून, इंजिन निवायची वाट बघत उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"वैनी, एक सांगू?"

"सांग."

"मिस्त्री भोरात सांगत फिरतोय, म्या इंजिन मारलं म्हनून. बायकूच्या कानावर आलं नळावर. ह्यो दिवा गेला न्हाई तर मला दुसरं कुनी गाडी देनार न्हाई. तुमी द्याल म्हनून इचारत न्हाई. दादांनी हातात दिल्याली गाडी हाय, तिचं वाईट म्या कसं करीन, येवढंच."

मी म्हणायला हवं होतं की मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "वेल्ह्याला कुणी जाणकार असेल तर दाखवू." म्हणजे खोटंही बोलले नाही आणि खरंही सांगितलं नाही. त्याने मान हलवली, पाणी ओतलं आणि बॉनेट अलगद बंद केलं. तो बॉनेट कधी आपटायचा नाही. पुढे विंझर येईपर्यंत मी मांडीवरचं पुस्तक उघडं धरून बसले होते आणि एक ओळ वाचली नव्हती.

वेल्ह्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामांचं घर मेंगाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात मोटार उभी राहिली तशी आजूबाजूची माणसं जमली. मोटार येणं म्हणजे तेव्हा बघण्यासारखीच गोष्ट. मामींनी पाय धुवायला पाणी दिलं, भात, आमटी आणि चुलीत भाजलेले पापड वाढले. तो नवा भात मी अजून विसरलेले नाही. वेल्ह्यात आज पाटी लावलेली बरीच ठिकाणं आहेत जेवायला, पण आधी सांगून ठेवलंत तर घरगुती भात-पिठलं देणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे जेवा. किसनला पत्रावळीवर बाहेर, मोटारीजवळ दिलं.

हात धुऊन आम्ही अंगणात आलो. आत्याबाईंना थंडी वाजत होती म्हणून त्या मोटारीत मागे जाऊन बसल्या होत्या, शाल पांघरून, माहेरच्या माणसांना दिमाख दाखवत. तेवढ्यात मामा एका उंच, केस मागे वळवलेल्या माणसाला घेऊन आले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले,

"हां, सूनबाई, ह्यो दगडू. उद्यापास्नं ह्योच हाकील तुमची मोटार. जुन्याचा हिशेब करा आन द्या त्येला मोकळा करून."

जुना तिथेच उभा होता, हातात पाण्याचा डबा घेऊन. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी गोष्ट आता कुठे लक्षात यावी तसं. मग त्याने डबा खाली ठेवला आणि एक पाऊल मागे सरकला, दगडूला वाट द्यायला. मला त्या क्षणी अंगणातली जमीन नकोशी झाली. मामांना मी काय बोलणार? मीच निरोप धाडला होता.

दगडूने मिशीवरून हात फिरवला. "दिवा जळतोय म्हनं? ट्रकात असलं धा दिवं इझवल्यात म्या." त्याने किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं, उतरला आणि मोठ्या थाटात बॉनेट वर केलं. वाकला. आणि विस्तवाला हात लागल्यासारखा मागे आला.

"आयला! हितं लिंबू हाय की!"

सगळे पुढे सरकले. मीही गेले. इंजिनाच्या अंगाला एका नळीला लोखंडी तार गुंडाळलेली आणि तिला लिंबू, खाली मिरच्या. तारेचं उरलेलं टोक वाकून खाली गेलेलं. लिंबू जुनं, काळपट, वाळत आलेलं.

"काढ की मग," मामा म्हणाले.

"म्या न्हाई हात लावनार," दगडू म्हणाला. "कुनी काय उतरून बांधलंय कुनाला ठावं. ज्येनं बांधलं त्येनं काढावं."

"ट्रकात धा दिवं इझवलंस न्हवं?" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. "लिंबाला भ्यालास व्हय रं?"

मला संताप आला, पण त्याहून जास्त लाज. दसऱ्याला आत्याबाईंनी मोटारीच्या पुढच्या बाजूला असंच लिंबू बांधलं होतं आणि मी दुसऱ्याच दिवशी चार गिऱ्हाइकांच्या देखत ते तोडून गटारात टाकलं होतं. वर म्हणाले होते, "आमच्या मोटारीला असली सोंगं लागत नाहीत." वाचणारी बाई ना मी! आणि आता सगळ्या वेल्ह्यासमोर माझ्याच मोटारीच्या पोटातून लिंबू निघालं होतं. मी पुढे झाले, तार धरली आणि हिसडून ओढली. तार निघाली.

"अगं बाई!" मोटारीतून आत्याबाई मला ओरडून म्हणाल्या. "दिवा गेला! सुमे, दिवा गेला की गं!"

कुणी काही बोलायच्या आत किसन पुढे आला. त्याने माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं, मग वाकून इंजिनाकडे. खिशातून पेचकस काढला आणि त्याचं टोक तेलाच्या दाबाच्या बटणावर टेकवलं, दांडा इंजिनाच्या लोखंडाला लावला.

"आई, बघा, लागला का?" त्याने आत्याबाईंना विचारलं.

"लागला!"

पेचकस उचलला.

"गेला!"

"तार ह्या बटनाला टेकत व्हती," तो सरळ होत म्हणाला. "तार इंजनाला बांधल्याली. म्हंजी दिवा लागनारच. बटन नवं घाला, न्हाईतर पंप नवा घाला. इंजन बरं हाय, वैनी. त्येला कायबी झालं न्हवतं."

मामा हसायला लागले. "अक्का, लिंबानं धरलं की गं तुज्या मोटारीला!" दगडूही हसला. आणि मग मामांनीच तो प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता की नको, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पर काय रं, तू तर रोज हे झाकान उघडतोस. तुला दिसलं न्हाई?"

"दिसत व्हतं की," किसन म्हणाला.

"मग काढलं का न्हाईस?"

त्याने आवाज चढवला नाही.

"त्यांच्या घरचं देवाचं हाय. दसऱ्याला हार सरळ कराय गेलो तवा आईंनी सांगितलं व्हतं, देवाच्या वस्तूला हात लावायचा न्हाई. वैनी तितंच व्हत्या."

मी तिथेच होते. हे मला लगेच आठवलं. हार तिरका झाला होता म्हणून त्याने हात पुढे केला होता, आत्याबाई तसं बोलल्या होत्या, आणि त्याने हात मागे घेऊन विजारीला पुसला होता. मी ताट घेऊन उभी होते. लिंबाचं सोंग मी तोडून टाकलं, आणि हे मला सोंग वाटलं नाही, अपमानही वाटला नाही. मला ते ऐकूच आलं नव्हतं म्हणा ना.

म्हणजे झालं होतं ते असं. आत्याबाईंनी लिंबू माझ्या नजरेआड आत बांधलं. किसन त्याला हात लावत नव्हता, कारण त्याला तसं सांगितलं होतं. मिस्त्री हात लावत नव्हता, कारण दुसऱ्याने उतरून बांधलेलं कोण काढेल. तोही बाजूने बाजूने काम करत राहिला. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे त्याला वळसा घालून मोटार दुरुस्त करत होते. आणि खापर फुटलं ते किसनवर.

आत्याबाई मोटारीतून उतरल्या नाहीत. काचेतून त्यांचा आवाज आला, बारीक. "म्या बांधलं. येकाला न्हेलं, मोटारबी जाईल म्हनून बांधलं. शनवारी बदलत व्हते. मला काय ठावं तारंचं?"

त्यांच्यावर मी तेव्हा रागावले नाही, आजही नाही. त्या सकाळी मी पाठ फिरवून गेले होते, कारण मला वाटलं होतं की त्या मुलासाठी रडतायत. तेही काही खोटं नव्हतं.

मामांना मी म्हटलं, "दगडू नको." मामा म्हणाले, "का? आता तर दिवाबी न्हाई." मी म्हटलं, "म्हणूनच नको." ते नाराज झाले. मामींनी निघताना ओटी भरली नाही, विधवेची भरत नाहीत, पण तांदळाचं गाठोडं दिलं, ते मामांच्या नकळत.

परतीच्या वाटेवर मोटार कुठेही थांबली नाही. थांबायचं कारणच उरलं नव्हतं. राजगड आता उजवीकडे आला होता आणि उन्हात तांबडा दिसत होता. आत लाल दिव्याच्या जागी नुसतं काळं भिंग होतं. इतके दिवस त्या दिव्याकडे बघवत नव्हतं, आता भिंगाकडे बघवेना. आत्याबाई मागे शाल ओढून जाग्या बसल्या होत्या. नसरापूरला मी मोटार थांबवायला सांगितली आणि हॉटेलवाल्याला तीन कप चहा म्हटलं, तीन बोटं दाखवून. किसन सीटखाली वाकला.

"किसन, कपातून घे," मी म्हटलं.

"नको वैनी. माझा पेला हाय की."

त्याने ते अगदी सहज म्हटलं. मी माझा कप तसाच बाकड्यावर ठेवला. हॉटेलवाला दिव्याची चौकशी करत होता. "डोळं बरं झालं वाटतं!" मी पैसे ठेवले आणि मोटारीत जाऊन बसले.

दिवेलागणीच्या सुमारास घरी पोचलो. लेक शेजारणीकडून धावत आली. किसनने मोटार लावली, काचा पुसल्या, बॉनेट उघडून एकदा बघितलं, अलगद मिटलं. मग ओट्यापाशी आला आणि किल्ली कट्ट्यावर ठेवली, नेहमीसारखी.

"वैनी, उद्यापास्नं दुसरा बघा. दगडू नसल तर दुसरा. गाडी आता नीट हाय. आता माझं नाव खराब व्हायचं न्हाई."

आणि गेला. मी त्याला थांबवलं नाही. कशाच्या तोंडाने थांबवणार?

आता तुमच्यासाठी, जे जाणार असाल त्यांच्यासाठी. रस्ता चांगला आहे, पावसात मात्र वेल्ह्याच्या अलीकडे जपून. नसरापूरच्या पुढे पेट्रोलचा भरवसा ठेवू नका, आधीच भरून घ्या. तोरणा आणि राजगड एकाच दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. मेंगाईचं देऊळ पाहा, शांत आहे. आणि गाडीत एखादा दिवा दुरुस्तीनंतरही जळत राहिला, तर आणखी काही बदलण्याआधी बॉनेट उघडून स्वतः बघा. सगळ्यांना दिसतंय आणि कुणी हात लावत नाही, असं काही आहे का ते बघा. लेकीच्या गाडीतला पिवळा दिवा अजून जळतो आहे. तिचं म्हणणं, आता कॉम्प्युटरला जोडून बघतात. बघू देत.

परवा वेल्ह्याच्या त्या अंगणात उभी राहिले. घर नवं झालंय, अंगणात फरशी आहे. लेकीने विचारलं, "आई, इथेच का?" मी हो म्हटलं. ती पुढे म्हणाली, "तू लहान होतीस गं तेव्हा, तिशीचीसुद्धा नव्हतीस." ती समजूत घालत होती. पण तिशीच्या आतल्या बाईलाही ऐकू येतं.

त्या रात्री आत्याबाईंनी आणि मी भाकरी खाल्ली. कट्ट्यावरची किल्ली मी आत घेतली नाही. ती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकला, म्हशीचं शेण काढलं, लेकीची वेणी घातली, किल्ली उचलली आणि किसनच्या वस्तीपर्यंत चालत गेले. त्याच्या बायकोकडे चहा मागितला, त्यांच्या कपातून प्याले, दसऱ्याला मी तिथेच होते आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे कबूल केलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.